पारावाले दवाखाने

आमचा धंदा दवाखान्यांना बीपी मोजायच्या डिजिटल मशिनी विकायचा. ऑफिस रायपूरच्या गुढियारीत. मालकांना एकच एआय विकत घ्यायचं होतं: नवं गिऱ्हाईक शोधून देणारं, नाहीतर आमचीच जुनी कागदपत्रं वाचून उत्तरं देणारं. पहिल्याचा वकील मी, दुसऱ्याची ऑफिसातली दीदी. ज्याचं एआय हरेल त्यानं जगदलपूरची रिकामी जागा सांभाळायची, हे मालकांनी चहा पिता पिता सांगून टाकलं. तिकडच्या वाटेवरचा केशकालचा घाट मी बसमध्ये ओकत इतक्यांदा चढलोय, की हल्ली चौबे कॉलनीतला स्पीडब्रेकर आला तरी पोटात ढवळतं. मला हरून चालणार नव्हतं.

परीक्षा साधी होती. पाऱ्याच्या जुन्या मशिनी अजून वापरणारे रायपूरचे दवाखाने शोधायचे. मशीन बदलतील तर तेच. दीदीच्या एआयनं सर्व्हिसची कागदपत्रं चाळून तीन नावं दिली, आणि बाकीच्यांबद्दल कागदांत काही सापडत नाही असं लिहून गप्प बसलं. मी म्हटलं, दीदी, माहीत नाही म्हणायला तर आपण दोघं पुरेसे आहोत, त्याला काहून पैसे मोजायचे?

माझ्या एआयला मी ऐटीत हिंदीतून हुकूम सोडला, ‘रायपुर के पारा वाले क्लिनिक’. एवढी लांब यादी आली की मालक खुर्चीत पुढे सरकले. पत्ते एकदा बघून घेऊ भैया, असं दीदी हळूच म्हणाली. मी ऐकलंच नाही. मालकांनी पैसे भरायचं पान उघडलं, ओटीपीही आला.

“एकाले फोन लाव,” ते म्हणाले. “स्पीकरवर.”

पहिल्याच नावाचे डॉक्टर लाइनवर आले. आवाज म्हातारा.

“डॉक्टर साहब, आपके यहाँ पारा है ना?”

“हव.”

मालक ओटीपीचे आकडे दाबू लागले. मी दीदीकडे बघायचं टाळलं.

“पुराना वाला?”

“हव, एकदम पुराना. दादाजी के टाइम से.”

“तो अब बदल डालिए, साहब.”

मालकांचा अंगठा शेवटच्या आकड्यावर आला.

“काहे बदलें, भैया?” डॉक्टर म्हणाले. “घर है हमारा. तात्यापारा छोड़ के कहाँ जाएँगे?”

छत्तीसगढात पारा म्हणजे मोहल्ला. हे मला कुणी शिकवायला नको होतं, जन्मच माझा इथला. एआयनं बिचाऱ्यानं मागितलं तेच दिलं होतं: शहरातल्या एकूण एक पाऱ्यांतले दवाखाने. मी कशीबशी माफी मागून फोन ठेवला.

दीदी हसली असती तर बरं झालं असतं. तिनं पाण्याचा ग्लास पुढे केला. मालकांनी ते पान बंद केलं, तिच्या एआयचं उघडलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले,

“भाऊ, तू जगदलपूरले जा. बस्तरात गावोगावी पारे आहेत. सावकाश बदलत बस.”