सुमतीताईंनी वाचवलेले दात

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षे झाली होती. दंतवैद्यकाची पदवी घेऊन मी देऊळगाव राजाला डॉ. सुमतीताईंच्या दवाखान्यात अनुभव घ्यायला आलो. पहिल्या दिवशी ताईंनी मला बाहेर बाकावर बसवले आणि रुग्ण काय बोलतात ते ऐकायला सांगितले. जो तो एकच मागत होता, दुखणारा दात काढून टाका. संध्याकाळी ताई म्हणाल्या, "दात काढणे तुम्हाला येतेच. इथे वाचवायला शिका."

किडलेला भाग कोरून, त्या खळग्याच्या मापाचा पोर्सेलीनचा, म्हणजे चिनी मातीचा, तुकडा विजेच्या भट्टीत भाजायचा आणि सिमेंटने दातात बसवायचा, हे ताईंचे खास काम. आमच्या भागात तेव्हा ते कोणी करीत नव्हते.

धाड गावचे करीमभाई लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट वाजवीत. त्यांचे वरचे समोरचे दोन दात हिरडीजवळ किडले होते आणि कोणीतरी ते काढायचा सल्ला दिला होता. पण क्लॅरिनेट त्याच दातांना टेकवून वाजवावे लागते. "दात गेले तं बाजाही गेला, बाई," ते खालच्या आवाजात म्हणाले.

मुळे भक्कम होती. ताईंनी दात कोरून तुकडे भाजले. मात्र त्या दिवशी वीज कमीजास्त होत राहिली आणि तुकडे धुरकट निघाले. ताईंनी ते दातांवर नुसते धरून आरसा दाखवला. करीमभाई खूश झाले. लग्नसराई तोंडावर होती.

"मले चालते, बाई. देऊन टाका बसवून."

"बेसूर वाजलेलं तुम्ही चालवून घेता का?"

करीमभाई हसले आणि त्यांनी नकारार्थी मान हलवली. ताईंनी खळगे तात्पुरते बुजवून त्यांना पुन्हा बोलावले आणि वीज स्थिर असते अशा पहाटेच्या वेळी नवे तुकडे भाजले. ते बसवल्यावर दात कुठे संपतो आणि तुकडा कुठे सुरू होतो, हे मला भिंगातूनही ओळखता येईना. दुसऱ्या दिवशी करीमभाईंनी दवाखान्याच्या ओसरीवर क्लॅरिनेट वाजवले. हातातले काम कधी न सोडणाऱ्या ताई ओल्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा सहायक म्हणून माझा ऊर त्या दिवशी अभिमानाने भरून आला.

पुढे मी जळगाव जामोदला स्वतःचा दवाखाना काढला. मातीने कुठे दात भरतात काय, असे म्हणून लोक परत जात. हे कानावर जाताच ताई एसटीने आल्या, बसलेल्या रुग्णांसमोर माझ्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "माझी ही दाढ तुम्हीच भरायची." मी कोरणी दाढेजवळ नेली आणि पुन्हा मागे घेतली. तोंड उघडे असल्याने त्यांना बोलता येईना. त्यांनी माझ्या मनगटावर हलकेच थोपटले. काम पुरे होईपर्यंत त्या आमच्याच घरी राहिल्या. त्या दिवशी बाकावर बसलेल्या एक काकू नंतर येऊन म्हणाल्या, "बाईच्या दाढेले केलं तसंच मले करा."

आज ताई साठ वर्षांच्या होत आहेत आणि ती दाढ शाबूत आहे. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. शंभराव्या वर्षीही त्यांनी स्वतःच्या दातांनी ज्वारीचा हुरडा खावा, आणि माझे काम कुठे कमी पडले ते मला तोंडावर सांगावे.