आमच्या विहिरीतला समुद्र

माझ्या हातून आयुष्यात एकच समुद्री प्राणी मेला, आणि तोही समुद्रापासून भरपूर लांब, आष्ट्यात.

याला सर्वस्वी जबाबदार माझे साडू विलासराव. (हा माणूस कधीच काही चुकत नाही, ही त्याची मोठी खोड!) मी कोरेगावच्या घरचा थोरला जावई, आष्ट्याच्या हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर. धाकट्या मेव्हणीला नौदलातला नवरा मिळाला आणि माझं जावईपण रातोरात शिळं झालं. आमचे सासरे, म्हणजे मामा, पलटणीतून सुभेदार होऊन आलेले. दोघं एकत्र बसले की तोफा, बोटी, साहेब, सलामी! मी कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेला. मध्येच मामांना माझी आठवण व्हायची.

"आन् मास्तर, तुमचं कसं? खडू मिळत्यात न्हवं येळच्या येळी?"

त्यात आमची विहीर. उसाला पाणी पाजून पाजून आमचं रान फुटलेलं, जमिनीवर पांढरं मीठ आलेलं आणि विहिरीचं पाणी खारट झालेलं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. माझ्या लग्नाच्या बोलणीला मामांनी चहाचा पहिला घोट घेतला आणि दुसरा घोट घ्यायला एवढा वेळ लावला, की माझं लग्न त्या कपातच बुडतंय असं वाटलं. पोरगी दिली, पण त्या चहाचा किस्सा प्रत्येक पाहुण्याला सांगितला. मामांनी एकदा तरी चारचौघांत म्हणावं, 'थोरला तो थोरलाच', एवढीच माझी इच्छा होती. पण ते म्हणायचे, "विलासरावांची गोष्टच न्यारी!"

त्या साली धोंड्याच्या महिन्यात आम्हां दोघां जावयांना जेवायला बोलावलं. मी रीतीप्रमाणे हात हलवत गेलो. विलासराव मात्र काचेची पेटी घेऊन आले! पेटीत पाणी, पाण्यात तपकिरी, खडबडीत ढेकूळ.

"मामा, हे पोवळं. समुद्राच्या तळाला वाढतंय. दगूड न्हवं हां, जित्राब हाय."

"जित्राब? तोंड कुठं हाय त्याचं?"

"आंगभर तोंडंच हायत."

(तेवढ्यात मामांनी मामींकडे का पाहिलं, ते मला माहीत नाही.) आणि खरंच, पाणी संथ झाल्यावर त्या ढेकळातून बारीक बारीक फुलांसारखं काहीतरी बाहेर आलं आणि हलू लागलं! सगळी आळी लोटली. मी मनात म्हटलं, हलेना का, आमच्या गोठ्यातलं रेडकूसुद्धा हलतं.

विलासराव समजावून सांगत होते. "सगळा खेळ पाण्याचा हाय, मामा. पाणी निर्मळ, तर ह्ये जित्तं. दर आठवड्याला थोडं जुनं पाणी काढायचं आन् ह्या कॅनमधलं समुद्राचं घालायचं. ऊन-वाऱ्यानं पाणी आटलं, तर मीठ आत तसंच ऱ्हातंय, तवा वरनं नुसतं गोडं पाणी घालायचं. हात घालायचा न्हाई, खायला टाकायचं न्हाई. आन् ह्या ट्यूबमधली हवा संपू द्यायची न्हाई." (ट्रकची जुनी ट्यूब हवा भरून ठेवलेली, तिला बारीक नळी, नळीतून पाण्यात बुडबुडे. हेही त्यांचंच डोकं!)

पण मामा-मामी काशीला निघालेले आणि विलासरावांना रजेत गावाकडची कामं होती. पेटी सांभाळायची कुणी? मामांची नजर सगळ्यांवरून फिरली. माझ्यावरून तर फारच भरभर फिरली.

"मी नेतो!" मी ओरडलोच.

"तुमी? मास्तर, जित्राब हाय ते. जमंल का?"

हे 'जमंल का' माझ्या इतकं जिव्हारी लागलं, की कराडला एस.टी. बदलून आष्ट्यापर्यंत पेटी मांडीवर घेऊन आलो आणि उतरेपर्यंत मांड्या आपल्या आहेत की नाहीत हेच कळेना.

घरी आल्यावर डोक्यात चक्र सुरू झालं. पोवळं विलासरावांचं, पेटी विलासरावांची, पाणीही विलासरावांचं! मग जगलं तर कौतुक कुणाचं? मी सांभाळलं काय आणि खुंटीनं सांभाळलं काय, सारखंच. मी ते कॅन उचलले आणि समुद्र आमच्या परड्यातल्या केळीच्या बुडात ओतून दिला.

"आवं, आवं, काय करताय?" बायको, शालन, धावत आली.

"खारं पाणीच लागतंय न्हवं त्याला? मग आपली विहीर काय मेली? समुद्राच्या तोंडात मारंल असलं पाणी हाय आपलं!"

"आवं, पण त्यानं डाळ शिजत न्हाई."

"पोवळं कुठं शिजवायचंय आपल्याला?"

विहिरीचं पाणी पेटीत गेलं. आयुष्यात पहिल्यांदा मला आमच्या विहिरीचा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी फुलं बाहेर आली नाहीत. "नवं घर हाय, लाजतंय," मी म्हणालो. तिसऱ्या दिवशी त्याच्यावर शेंबडासारखा चिकट थर आला. मी समजलो, बाळसं धरतंय! भूक लागली असेल म्हणून चिमूटभर बेसन टाकलं. पाणी गढूळ झालं, म्हणून तुरटी फिरवली. आणि मग एका सकाळी चमत्कार झाला. पोवळं पांढरं झालं! शुभ्र, अगदी विलासरावांच्या गणवेशासारखं.

"शालन, बघ! त्यांच्या पाण्यात काळवंडलं हुतं, आपल्या पाण्यात उजाळलं!"

"गोरं झालं व्हय?" तिनं वाकून पाहिलं. "पर त्याची ती तोंडं कुठं गेली?"

"उगं बस. सुखात हाय ते."

मी शाळेत सांगितलं, पारावर सांगितलं, माणसं बोलावून दाखवलं. लोक येत, बघत आणि एकच गोष्ट बोलत, "मास्तर, पोवळं तांबडं असतंय की! आमच्या म्हातारीच्या गळ्यात हाय." मला ते अडाणी वाटत.

मग वास सुरू झाला. आम्ही उंदीर मेला असं धरून कणगी हलवली, ट्रंका बाहेर काढल्या, माळ्यावरची अडगळ उतरवली. उंदीर मिळाला नाही. शेवटी शालन पेटीपाशी उभी राहिली, पदर नाकाला लावला आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली.

"काय?" मी विचारलं.

"उंदीर न्हाई त्यो," ती म्हणाली.

नेमकं त्याच दुपारी मामांचं कार्ड आलं. काशी पार पडली, रविवारी मावंद्याचं, म्हणजे यात्रा पार पडल्याचं जेवण आहे, विलासरावही येत आहेत, पोवळं घेऊन या. सगळी भावकी जमणार आणि मामा सगळ्यांसमोर म्हणणार, "म्हणलं हुतं, जमंल का!" आणि विलासराव शेजारी पांढऱ्या कपड्यांत उभे असणार!

पण मी ड्रॉइंग मास्तर होतो. आणि पोवळं तांबडं असतं, हे सबंध आष्टा मला फुकट सांगून गेलं होतं! मी ते ढेकूळ काढलं, राखेनं घासलं, वास जाईपर्यंत उन्हात ठेवलं. पोस्टर कलर पाण्यात टिकला नसता. बेंदराला बैलांची शिंगं रंगवून उरलेलं तेलातलं तांबडं हिंगूळ मात्र गोठ्यात होतं, डबाभर! चांगले दोन हात मारले. शिंगांपेक्षा सुबक काम झालं. (शालन म्हणाली, "आता दोन गोंडं बी बांधा.") वाळायला मात्र वेळ मिळाला नाही, कारण दुसरा दिवस रविवारच होता.

कोरेगावला सोप्यात पेटी ठेवली, विलासरावांच्याच कॅनमधून नेलेलं आमच्या विहिरीचं पाणी ओतलं, ट्यूबचे बुडबुडे सुरू केले. मामा आले आणि बघतच राहिले.

"आगा बाबो! ह्याला म्हणत्यात पोवळं! विलासराव, तुमी आणलं तवा शेणकुटागत दिसत हुतं. मास्तरांनी काय जीव लावला बघा!" आणि मग सगळ्या भावकीपुढं मामा म्हणाले, "थोरला तो थोरलाच!"

एवढी वर्षं ज्यासाठी सुपारी कातरली, ते वाक्य! माझी छाती फुगली आणि शर्टाचं बटण ताणलं.

विलासराव पुढे आले. वाकले. पाण्यावर तांबडा तवंग पसरत होता. त्यांनी वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच पेटीत हात घातला. हात बाहेर आला तो कोपरापासून खाली बेंदराच्या बैलाचा! मी डोळे मिटले.

"मामा," विलासरावांचा आवाज आला, "आमच्या बोटीवरच्या सायबांना बी ह्ये जमलं नसतं."

मी डोळे उघडले. त्यांनी हात पाठीमागं घेतला होता आणि ते हसत होते. पुढे मोरीत जाऊन बराच वेळ हात घासत राहिले.

आता मी सुखी व्हायला हवं होतं की नाही? पण मामा गहिवरले. "बघा! सवताची वस्तू दुसऱ्यानं सुधारली, तर ती तोंडानं बोलून दावायला केवढं मन लागतंय! विलासराव, तुमी बसा पयल्या पाटावर." आणि थोरल्या जावयाचा पहिला पाट गेला! मी खाली सरकलो. मारेकरी मी, आणि उपकार करून मोठे झाले ते! धड रागवायलासुद्धा येत नाही या माणसाला!

जेवताना कळलं, हिंगूळ निघालं नव्हतं. बोटं तांबडीलाल आणि वासही तसाच. विलासरावांनी मूठ रुमालात झाकून चमचा मागितला आणि पुरणपोळी, भात, आमटी, सगळं चमच्यानं खाल्लं. मामींना कौतुक आवरेना.

"किती रीतभात ती! चमच्यानं जेवत्यात! आमच्याकडं कुणाला ठावं हाय का असलं?" असं म्हणून त्यांनी माझ्या कालवलेल्या भाताकडे पाहिलं.

तो चमचा माझ्यामुळे आला होता, हे जगात दोघांनाच माहीत होतं. तरी दुसऱ्या दिवशी आष्ट्यात शालननं ताट वाढलं, तेव्हा मी म्हणालो, "चमचा आण."

"आवं, पिठलं-भाकरी हाय."

"आण म्हणतो न्हवं!"

आणि मी चमच्यानं भाकरी तोडायला बसलो.