सुमनताईंचं कुलूप

सुमनताईंच्या टेबलापाशी उभं राहायचं तर दोन्ही हात पाठीमागे बांधावे लागत. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, दोन मुलींचा बाप असलेला मी तिसरीतल्या पोरासारखा उभा राही, आणि ताई पडद्यावरची नजर न हलवता म्हणत, "हं, आता बघा. डोळे भरून बघा. बोट पुढं आणलं तर फूटपट्टी हाय माझ्यापाशी." फूटपट्टी खरोखर होती. लाकडी. आमचे मालक नाना यांनीही ती एकदा खाल्ली आहे, आणि ते हा किस्सा पाहुण्यांना मानाने सांगतात.

गारखेड्यात एका औषधाच्या दुकानावर, दोन खोल्यांत, आमची बारा माणसांची सॉफ्टवेअर कंपनी. सुमनताई बनकर तिथल्या सर्वांत जुन्या प्रोग्रॅमर. गाव अजिंठा. वडील लेण्यांत पहारेकरी होते. जन्मभर स्टुलावर बसून "दुरून बघा, हात नका लावू" एवढंच बोलले. ताई म्हणत, "बाबांनी चित्रं राखली, मी आकडे राखायलेय."

आकडे कसले, ते सांगतो. घाबरू नका, माझ्या सासूबाईंनाही कळलं आहे. वाळूजच्या एका कारखान्यात गाड्यांचे भाग जोडतात. कोणता बोल्ट किती जोराने आवळायचा, हे तिथली यंत्रणा आमच्या वेब सर्व्हिसला विचारते. आमच्याकडून उत्तर जातं ते म्हणजे एक तक्ता, डावीकडे नाव, उजवीकडे आकडा. आमच्या धंद्यात त्याला मॅप म्हणतात. उत्तर एकदाच आणायचं आणि जोडणीच्या रांगेवरच्या कारखान्याच्या सगळ्या प्रोग्रॅमनी त्याच तक्त्यातून वाचायचं. ताईंनी प्रोग्रॅममध्ये एक ओळ लिहून त्या तक्त्याला कुलूप घातलं होतं. वाचता येईल, बदलता येणार नाही. कुणी आकडा बदलायला गेलं की प्रोग्रॅम बोंब मारून तिथेच थांबे.

कारखान्याच्या संगणक विभागाचे प्रमुख मोकाशी साहेब यांना हे कुलूप सलत होतं. नवीन रांगेची चाचणी चार दिवसांवर आली, तेव्हा ते आमच्या ऑफिसात येऊन बसले. "आकडे आमचे, आणि आम्हालाच हात लावायची बंदी?"

"नक्कल काढून घ्या की साहेब," ताई म्हणाल्या. "तिच्यात रांगोळी काढा, नायतर पतंग करून उडवा. हे मूळ हाय."

"तेवढा वेळ नाही. कुलूप काढा, नाहीतर आम्ही पुण्याची कंपनी बघतो."

वाळूजचं काम गेलं तर बारांपैकी आठ जण घरी बसणार, हे नानांना ठाऊक होतं आणि त्या आठांत मी होतो, हे मला ठाऊक होतं. साहेब गेल्यावर नाना काकुळतीला आले. "ताई, एका ओळीसाठी?"

"नाना, तेवढी एक ओळ तर माझी हाय. बाकीचं कुणीबी लिहील."

एवढं बोलून ताई भाचीच्या लग्नाला सोयगावला निघून गेल्या.

आता रंगमंचावर खलनायकाचा प्रवेश. म्हणजे माझा. मी ती ओळ काढून टाकली आणि नानांना सांगितलं, "ताईंनी ऐकलं शेवटी. जाता जाता कुलूप काढून गेल्या." नानांनी आनंदाने कचोऱ्या मागवल्या. मी तीन खाल्ल्या.

चाचणीच्या दिवशी काय झालं? रांगेवरच्या कामगारांची अवजारं जुन्या मापाची होती. म्हणून पहिल्या ठिकाणच्या प्रोग्रॅमने आकडा दहाने भागून जुन्या मापात आणला, आणि तोही थेट मूळ तक्त्यातच. ऐंशीचे आठ झाले. दुसऱ्या ठिकाणच्या प्रोग्रॅमला ते आठच ताजे वाटले. त्यानेही तोच भागाकार केला. आठाचा एकसुद्धा उरला नाही. तिथले जुने फिटर शेखचाचा ओरडले, "अरे मियाँ, ये बोल्ट तो उंगली से घूमरा!"

चाचणी थांबली. मोकाशी साहेबांचा फोन आला, "तुमची सर्व्हिस खोटे आकडे देते!"

नाना आणि मी धावत कारखान्यात पोचलो. ताई सोयगावहून निघाल्या त्या तडक वाळूजला आल्या. अंगावर लग्नाची साडी, हातावर मेंदी. मला काही विचारलं नाही. साहेबांसमोर म्हणाल्या, "कुलूप आमच्याकडून काढलं गेलं. ती चूक आमची." नाना माझ्या कानाशी पुटपुटले, "ऐकायलाच नको होतं माझं. ताईंचं वय झालं बघ." आणि मी मान डोलावली. हो, डोलावली.

ताईंनी ती ओळ परत घातली आणि रांग पुन्हा सुरू करायला सांगितली. प्रोग्रॅम बोंब मारून थांबला, नेमका ऐंशीचे आठ होत होते त्या जागी. आकडा बदलणारी ओळ पडद्यावर उमटली. मोकाशी साहेबांनी बोट पुढे केलं.

"साहेब, हात पाठीमागं."

साहेबांनी हात पाठीमागे घेतले, वाकून वाचलं आणि हळू आवाजात म्हणाले, "हे तर आमच्याकडचं आहे."

"व्हय. कुलूप तुमच्यावर शक म्हणून नाय लावलं. आकडा बिघडला तर कुठं बिघडला ते दिसावं, म्हणून लावलं."

संध्याकाळपर्यंत प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र नक्कल गेली. बोल्ट घट्ट बसले, काम आमच्याकडेच राहिलं. शेखचाचांनी ताईंना कँटीनचा चहा स्वतः आणून दिला. तो मान मी पुन्हा कुणाला मिळालेला पाहिला नाही.

यंदा ताई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी मी खुर्चीवर चढलो आणि सगळ्यांसमोर कबूल केलं, "कुलूप ताईंनी नाही, मी काढलं होतं!" नानांच्या हातातला हार तसाच राहिला.

"उतरा खाली भाऊ, पडाल," ताई म्हणाल्या. "मला त्याच दिवशी दिसलं होतं. कोणती ओळ कुणी काढली, त्याची नोंद मशीनमधी राहतीच."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचं नाव वाचलं. आता माणूस सुधारायला मी कशाला हात घालू? आपला आपण सुधरतो का, ते बघत बसले." मग हसून म्हणाल्या, "लई वेळ लावला पण."

फूटपट्टी त्यांनी माझ्या हाती दिली. ती ओळ आजही जागच्या जागी आहे. परवा मोकाशी साहेब माझ्या टेबलापाशी आले. मी काही म्हणायच्या आतच त्यांचे हात पाठीमागे गेले होते.