दुसरा प्रश्न

संग्रहालयाच्या दारात तिकिटं फाडण्यात माझी चोवीस वर्षं गेली. जीभ तिखट, म्हणून माझ्या वाटेला सहसा कुणी जात नसे. अपवाद एकच, आमचा बरणीवाला. प्राण्यांच्या दालनातल्या बरण्यांत स्पिरिट भरायचं आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांवरची धूळ झटकायची, हे त्याचं काम. माणूस इतका गरीब, की धूळ झटकताना पक्ष्यालाही 'जरा सरक' म्हणायचा.

त्याचा जीव शाळेच्या सहलींत. मुलांना तो घार आणि खोल समुद्रातली माखली, म्हणजे स्क्विड, यांच्या मधोमध उभं करी आणि विचारी, "या दोघींत सारखं काय?" मुलं डोकं खाजवत. मग तो बाटलीतली माखलीची चोच दाखवी. घारीसारखीच बाकदार. पुढचा प्रश्न, "आणि वेगळं काय?" घार पिलांना भरवते, वाढवते. ही माखली अंड्यांचा पुंजका हातांत धरून महिनोन्‌महिने उपाशी पोहते, आणि पिलं सुटली की मरते.

लेक आसपास असली की हा दुसरा प्रश्न तो गाळायचा. बायको बाळंतपणातच गेली होती, आणि नऊ वर्षांच्या पोरीला त्याने सांगून ठेवलं होतं, आई लांब नोकरीला आहे, येईल. घार कितीही उंच गेली तरी तिचा जीव पिलांपाशीच असतो, हे वर. पोर शाळा सुटली की आमच्या पायरीवर बसून समोरचा बसथांबा बघत राही. मला ते बघवत नसे.

"खोटं किती दिवस पुरणार तुला?" मी त्याला शंभरदा झापलं.

"ताई, माझ्यामुळे गेली का, असं तिने विचारलं तर काय सांगू?"

एका दुपारी तो दाढ काढायला गेला आणि नेमकी सहल आली. मीच पुढे झाले. सगळं तोंडपाठ होतं. पहिला प्रश्न विचारला, त्याच भरात दुसराही. मुलं पांगली, तेव्हा मागे दप्तर घेऊन उभी असलेली ती दिसली. शाळा लवकर सुटली होती.

"मावशी, माणसांतपण असं होतं?"

"कधीकधी," मी म्हटलं.

"म्हणजे आई येणार नाही."

मी तिच्या खांद्यावरचं दप्तर काढून घेतलं. तिला कळायचं ते कळलं.

बरणीवाला सुजलेला गाल धरून परतला. रिकामी पायरी बघून तसाच आत धावला. पोर बरणीसमोर उभी होती.

"बाबा, माझ्यामुळे?"

त्याने तोंडातला कापसाचा बोळा काढला. ओठांवर रक्त आलं. "नाही गं," तो म्हणाला. "तुला दोन्ही हातांत घेऊन हसली होती ती. मग गेली."

हे खरं होतं की नाही, ते मी त्याला आजवर विचारलेलं नाही.