उजवीकडची साइडकार

तुमच्या घरात ओव्हरटेक कधी करायचं, हे कोण ठरवतं?

आमच्याकडे आई ठरवते. आमच्या घरी एक जुनी परदेशी मोटरसायकल आहे. तिकडच्या कुणा बाप-लेकांनी घरामागच्या कारखान्यात अशा मोजक्याच गाड्या बनवल्या आणि कुलूप लावलं. त्यांच्या देशात वाहनं रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणून साइडकारही उजवीकडे. बुलडाण्याच्या रस्त्यावर त्यामुळे साइडकारमधला माणूस थेट मधोमध येतो, समोरच्या ट्रकला नैवेद्य दाखवल्यासारखा.

ती जागा आईची. मांडीवर पत्रकांचे गठ्ठे. हुंडा, बुवाबाजी, नळाचं पाणी, बाबांनी कशावर पत्रक काढलं नाही ते विचारा. मी वाचायला शिकले ती त्याच पत्रकांवर. मागच्या सीटवरून मी बघायची, पुढे ट्रॉली आली की बाबांना तिच्यापलीकडचं दिसत नसे, आईला दिसे. ती 'थांबा' म्हणाली की बाबा थांबत, 'काढा' म्हणाली की गाडी काढत. 'बाईला निर्णयाचा हक्क द्या' हे बाबांचं पत्रक गावोगाव गाजलं. ते त्यांनी साइडकारच्या शेजारी बसून वाटलं.

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून जुन्या गाड्यांचे एक जाणकार आले. गाडीभोवती देवळासारखी प्रदक्षिणा घालून म्हणाले, "अप्रतिम. फक्त साइडकार डावीकडे घ्या, तिथे बसणं धोक्याचं आहे. मग आमच्या फेरीत तुमची गाडी सगळ्यात पुढे."

बाबांचे सगळे मोर्चे पोलिसांनी अडवलेले. कुणी न अडवता सगळ्यात पुढे जायला मिळणार म्हटल्यावर ते विरघळले. आईला न विचारता त्यांनी वेल्डरकडून साइडकार डावीकडे बसवून घेतली.

मग चाचणी म्हणून आम्ही तिघं देऊळघाटकडे निघालो. पुढे कापसाचा ट्रॅक्टर. बाबा त्याच्या मागे लागले ते लागलेच.

"काऊन थांबले जी?" आईनं विचारलं.

"पुढून काही येते काय?"

"मले काय इचारता? मले कडेची बेशरमाची झाडं दिसून राह्यली."

आता बाबांची बाजू रस्त्याच्या मध्याकडे होती. त्यांना सगळं लख्ख दिसत होतं आणि रस्ता रिकामा होता. फक्त 'काढा' म्हणणारं कुणी नव्हतं. शेजारून दोन पोरं मोटरसायकलवर गेली. "काका, ट्रॅक्टरले टोचन लावलं काय?"

व्यवस्था उलथवायला निघालेला माणूस देऊळघाटपर्यंत कापसाचा वास घेत गेला.

गावाच्या वेशीवर बाबांनी गाडी बंद केली. आईकडे वळले.

"त्या पुण्यावाल्याले काय सांगू?"

"सांगा, गाडी कामावर आहे," आई म्हणाली. "आणि मले आधी माह्या बाजूले बसवा."

वेल्डर दुसऱ्यांदा आला तेव्हा मनसोक्त हसला. फेरी निघाली त्या दिवशी आम्ही बाजारात पत्रकं वाटत होतो.

तर विनंती एवढीच. समोरून उजव्या साइडकारची गाडी आली, तर डिपर मारू नका आणि चालवणाऱ्याकडे बघत बसू नका. साइडकारमधली बाई हात दाखवील तसं करा. तिनं पत्रक दिलं, तर त्यात भजी बांधण्याआधी एकदा वाचा.