नामदेवरावांनी घातलेली अर्थिंग

नामदेवराव वायरमन बोर्डाला कधी तळहात लावत नसत. टेस्टर खिशात असायचा, पण आधी उलट्या हाताची बोटं हळूच टेकवून बघायचे. "सुलट्या हाताची करंटनं मूठ वळती, मंग सुटत न्हाई," ते सांगायचे. "उलटा हात आपसूक मागं येतो. लाईटीशी दोस्ती करावी, पन मागं सरायची वाट ठिवून." केजला आमच्या दोघांच्या अंगणात एकच भिंत होती. मी शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेला, घरी चार-दोन मुलींना गाणं शिकवणारा. ते अख्ख्या गल्लीचे वायरमन.

निवृत्तीनंतर मी आयुष्यभराची एक हौस भागवली. रेकॉर्ड प्लेअर, चांगला अॅम्प्लिफायर आणि कमरेएवढे दोन स्पीकर घेतले. आता त्यांना वीज कशी द्यायची हा प्रश्न होता, कारण आमच्याकडे पंखा दुपारी रडत फिरतो आणि रात्री उडून जाईल असा फिरतो. लातूरचा दुकानदार म्हणाला, स्टॅबिलायझर घ्या. पुतण्या म्हणाला, इन्व्हर्टरवर चालवा. नामदेवरावांनी दोघांनाही उडवून लावलं. "इन्व्हर्टरची लाईट म्हंजे भुकटीचं दूध, गुरुजी. आन् स्टॅबिलायझर ही काठी हाय. आदी पाय बगू, मंग काठीचं बगू."

पाय म्हणजे अर्थिंग, वीज जमिनीत उतरवणारी तार. त्यांनी मीटरपासून थेट वेगळी तार ओढली, तिच्यावर फ्रिज नाही की मिक्सर नाही. अंगणात स्वतः उतरून पुरुषभर खोल खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली, वर कोळसा आणि मिठाचे थर दिले. मजुरी घेतली नाही. "ह्या खड्ड्याला दर ऐतवारी एक बादली पाणी. अर्थिंग तहानली की बाजा बिगडला म्हनून समजा." पहिली रेकॉर्ड लावली तेव्हा तंबोऱ्याची तार छेडल्यावर तिचा शेवटचा कंपसुद्धा ऐकू आला. नामदेवराव डोळे मिटून बसले होते. त्यानंतर दर रविवारी सकाळी ते यायचे, चहा घ्यायचे, ऐकायचे. इतका जाणता श्रोता मला शाळेच्या पस्तीस वर्षांत मिळाला नव्हता.

वर्षभरानं स्पीकरमधून गुणगुण यायला लागली. बारीक, एकसुरी, कधी असायची कधी नसायची. मी वायरी बदलल्या, अॅम्प्लिफायर लातूरला नेऊन तपासून आणला. तिथं गुणगुण नाही, घरी आला की पुन्हा सुरू. नामदेवरावांनी स्पीकरला कान लावला आणि मान हलवली. "मला तं काय बी येत न्हाई ऐकू. गुरुजी, राग मानू नका, वय झालं. ते तुमच्या कानात हाय."

मी बीडला जाऊन कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, कान ठणठणीत आहेत. मी डॉक्टरांवर विश्वास ठेवला नाही, नामदेवरावांवर ठेवला. गाणं शिकवणाऱ्याचं भांडवल म्हणजे कान, आणि तोच नासला तर दुसऱ्याच्या पोरींचे गळे कशाला बिघडवायचे? मी शिकवणी बंद केली. ऋतुजा म्हणून एक दहावीतली मुलगी होती, फार गोड गळ्याची. ती दारात उभी राहून रडली. "माजं काय चुकलं, गुरुजी?" तिला काय सांगणार? रविवारची बादली मात्र मी चुकवली नाही. उन्हाळ्यात टँकर आठवड्यातून एकदा यायचा, तेव्हाही अंघोळीतलं पाणी राखून मी त्या खड्ड्यात ओतलं.

अशी दोन वर्षं गेली. मग अंगणात नळाच्या पाइपासाठी चर खणताना गड्याच्या कुदळीला एक काळी तार लागली. खड्ड्यातल्या पट्टीला घट्ट पिळलेली, भिंतीखालून थेट नामदेवरावांच्या घरात गेलेली. पीळ त्यांच्याच हातचा होता. तो मी कुठंही ओळखला असता.

मी हाक मारली. ते भिंतीपलीकडून आले, तार बघितली आणि खाली बसले.

"गल्लीची न्यूट्रल कच्ची हाय, गुरुजी. परतीची तारच धड न्हाई. घरात दिवे लुकलुकायचे, पोरीची शिलाई मशीन आडकायची. तुमची अर्थिंग पक्की होती. आमच्या घरची परत तिच्यात सोडली."

"गुणगुण त्याचीच होती?"

"व्हय."

"तुम्हाला ऐकू यायची?"

त्यांनी तारेवरची माती अंगठ्यानं पुसली. "पयल्या दिवसापसून यायची."

"मग मला सांगितलं का नाही? मागितली असती तर मी दिली असती. शेजारी दुसरा खड्डा खणला असता आपण."

"सांगनारच हुतो. पन तुमी आदी कानाचं मानून बसलात, मंग सांगायला तोंड ऱ्हायलं न्हाई."

खोटं. मी मानून बसलो नव्हतो, त्यांनी मानायला लावलं होतं. तार वापरली याचा मला आजही राग नाही. गरज कुणाला नसते? पण माझ्या घरात, माझा चहा पीत, ते मला माझ्याच कानांवर अविश्वास ठेवायची सवय लावत होते. आणि मी घरातलं पाणी तोडून त्यांच्या दिव्यांना पाजत होतो.

त्यांनी तिथंच तार कापली. पुढच्या रविवारी फाटकाशी येऊन म्हणाले, "गुरुजी, तुमाला नवा खड्डा करून दितो. दोन तासाचं काम." मी म्हणालो, "नामदेवराव, आता तुम्ही दिवा लागलाय म्हणालात तरी मला उठून बघावं लागेल." ते आल्या वाटेनं गेले. पुढं मुलीच्या सासरी आष्टीला राहायला गेले. माझ्या ओळखीतला सर्वांत तयार कान त्यांचाच होता, हे मी अजूनही म्हणतो आणि म्हणताना जीभ कडू होते.

गेल्या महिन्यात मी ऋतुजाच्या घरी जाऊन तिला परत बोलावलं. ती आली, समोर बसली, डोळे मिटून तिनं सा लावला. तो अगदी जागेवर होता आणि मला ते कळत होतं. तरी माझा हात खिशात गेला. मी मोबाईल काढून स्वर मोजायचं अॅप उघडलं आणि सा बरोबर आहे की नाही ते त्यात बघितलं. मान वर केली तेव्हा तिचे डोळे उघडे होते.