छाटणीआधीचे चिमटे

पलूसजवळच्या द्राक्षबागेत दुपारी पानांची मोजमापं घ्यायला गेले होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं हे काम बरीच वर्षं माझ्याकडेच आहे. कडक उन्हात पानातल्या हिरव्या पडद्यांच्या आत आम्लता वाढते आणि न झेपणारा उजेड पान उष्णता करून टाकून देतं. तो किती टाकतं हे समजण्यासाठी काही पानं काळ्या चिमट्याखाली अर्धा तास अंधारात ठेवून उन्हातल्या पानांशी ताडावी लागतात.

चोवीस चिमटे लावले, यादीत खूण केली आणि बांधावर डबा खाऊन आले, तर एकही चिमटा जागेवर नव्हता. बागेच्या मालकीणबाईंनी सगळे काढून ताटलीत नीट रचले होते.

"आवं मॅडम, इसरला व्हता तुमी. पानं गुदमरली असती की."

मी सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजी जादा ऊन पान सोताच भाईर टाकतंय? मग आमी वर जाळी कशाला बांधली?"

"टाकायलाही मर्यादा असते, मावशी. त्यापुढं पान करपतं."

आता ऊन कलायला लागलं होतं, पुन्हा चिमटे लावून उपयोग नव्हता. उद्या सकाळी खरड छाटणी, म्हणजे मोजायला पानंच उरणार नव्हती. मी सामान भरायला घेतलं.

"ऱ्हाऊ द्या, एक ओळ छाटत न्हाई आमी," त्या म्हणाल्या. "उद्या या."

उद्या पुन्हा दोन एसट्या बदलायच्या. 'नको' अगदी ओठांवर आलं होतं. तरी यादीत उद्याची तारीख घातली.